ते भाषणच होतं

ऐंशीच्या दशकातली काही वर्षं मी डाव्या मंडळींच्या सभांमध्ये आभार मानत फिरले. चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, सावली, पोंभुर्णा, कधी वैनगंगा ओलांडून गडचिरोली. सभा कुठेही असो, शेवटी मला उठवलं जायचं, आणि तोवर अर्धे लोक उठून चपला शोधत असायचे.

मी सावलीची. घर बौद्ध, आई-बाबा दोघंही धानाच्या बांधीत राबणारे. एप्रिलातल्या जयंतीला आमच्या मोहल्ल्यातलं प्रत्येक पोर विहारासमोर माइकपुढे उभं राहून दोन मिनिटं तरी बोलतंच, त्यामुळे माणसांसमोर उभं राहायची भीती मला कधी नव्हती. चंद्रपूरला मावशीकडे राहून बी.ए. केलं, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले. वकीलसाहेब चळवळीतले. सकाळी मी त्यांचे दावे टाइप करायची, दुपारनंतर पत्रकांच्या स्टेन्सिल कापायची. एक दिवस ते म्हणाले, "रविवारी सभेला चल. व्यासपीठावर एक तरी बाई पाहिजे, लोक विचारतात."

"मी काय बोलू?"

"तू आभार मान."

अशी मी व्यासपीठावर गेले. व्यासपीठ म्हणजे ग्रामपंचायतीचा ओटा, नाहीतर बैल सोडलेली बंडी. माझी खुर्ची नेहमी मागे. भाषण मागून ऐकलं की वेगळंच दिसतं. वक्त्याचा चेहरा दिसत नाही. मानेवरचा घाम दिसतो, पाठीमागे बांधलेल्या हातांची चुळबूळ दिसते, आणि समोरची माणसं कोणत्या शब्दाला ऐकणं सोडून देतात तेही दिसतं.

मोठे वक्ते होते ते प्राध्यापक. मूळचे पुण्याकडचे, नागपूरच्या कॉलेजात शिकवायचे. माणूस विद्वान, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्यांचं भाषण जगापासून सुरू व्हायचं. आधी दोन महायुद्धं, मग लॅटिन अमेरिका, मग देशातली भांडवलशाही, आणि सगळ्यात शेवटी चंद्रपूर जिल्हा. चंद्रपूर येईस्तोवर उन्हं कललेली असायची. 'तथाकथित' हा शब्द ते तोंडात आवळा धरल्यासारखा म्हणायचे. मध्येच उजव्या हाताचं बोट वर करून "प्रश्न असा आहे की" म्हणायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात मोठी ताकद होती. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. मावशीच्या घरी आरशासमोर बोट वर करून मी ते कितीदा म्हणून पाहिलं आहे.

वकीलसाहेब कोर्टात बोलतात तसेच सभेत बोलायचे. "माझे चार मुद्दे आहेत" म्हणायचे, तिसऱ्यापर्यंत बोटं दुमडायचे आणि चौथा विसरायचे. लोक प्रेमाने वाट पाहायचे, कधी कधी समोरूनच कोणीतरी आठवण करून द्यायचं.

आणि एक होते कोळसा खाणीतले म्हातारे भाऊ. पंचवीस वर्षं जमिनीखाली काढलेली. शाळा चौथीपर्यंत, पण खोलीत लोखंडी पेटीभर पुस्तकं. प्राध्यापकांनी वाचलेलं बरंचसं भाऊंनी हिंदीतून वाचलेलं होतं. पत्रकावर मात्र प्राध्यापकांच्या नावापुढे 'विचारवंत' छापलं जायचं आणि भाऊंच्या नावापुढे 'कामगार नेते'. ती पत्रकं मीच टाइप करायची, म्हणून सांगते. भाऊ ओट्यावर चढायचे नाहीत. खाली उतरून माणसांच्या मधोमध उभे राहायचे. आवाज इतका हळू की लोकांना गप्प व्हावंच लागायचं. ते काहीतरी विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. उत्तर आलं की त्यातूनच पुढचं काढायचे. मला तेव्हा वाटायचं, भाऊंना भाषण येत नाही.

पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून एक गाव आहे. नाव लिहीत नाही, त्या बाया अजून तिथे राहतात. एका उन्हाळ्यात जंगलखात्याची माणसं त्या गावात घुसली आणि घराघरांतून कुऱ्हाडी उचलून घेऊन गेली. बेकायदा तोड होते म्हणाले. पावती दिली नाही, पंचनामा केला नाही. ज्यांच्याकडे कुऱ्हाड नव्हती त्यांचे विळे नेले. आता सरपण कशानं फोडायचं, कुंपणाला काटी कशानं तोडायची? त्या गावात त्या उन्हाळ्यात दोन लग्नं होती. मांडवाचे खांब शेजारच्या गावाहून आणावे लागले, आणि ती गोष्ट बायांना फार लागली होती.

आमची सभा ठरली. प्राध्यापक खास नागपूरहून आले. मोहाच्या झाडाखाली शंभरेक माणसं, पुढे सगळ्या बाया. अगदी समोर एक गोंड म्हातारी गुडघे उभे करून बसली होती. हातावर हिरवं गोंदण, नजर प्राध्यापकांवर. सव्वा तास ती हलली नाही. प्राध्यापक संपले, टाळ्या झाल्या, आणि मी आभाराचा कागद घेऊन उठले तेवढ्यात ती मोठ्याने म्हणाली,

"पोरी, हा मास्तर आमच्या कुराडीचं काही बोलला काय वो?"

मागे कोणीतरी हसलं. मी म्हणाले, "बोलले ना बाई. शेवटी शेवटी."

"मंग मले काऊन नाई समजलं? मी तं झोपली नोती."

मला वाटलं, आपण समजावून सांगू. मी कागद खाली ठेवला. आणि काय झालं कोण जाणे, माझं बोट आपोआप वर गेलं. मी म्हणाले, "प्रश्न असा आहे की, ही शोषक व्यवस्था उत्पादनाची साधनं हिसकावून घेते..." पुढेही बरंच काही बोलले. म्हातारीने ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग बाजूच्या बाईला म्हणाली, "हिच्या पोटात बी तोच मास्तर बसला हाय."

सगळ्या बाया हसल्या. त्यात वाईटपणा नव्हता, पण माझे कान तापले. सावलीच्या बांधीतली पोर मी. आई माझ्याशी ज्या भाषेत भांडते तीच त्या बायांची भाषा होती, आणि ती सोडून मी आरशातली भाषा बोलले होते.

परतीच्या जीपमध्ये मी प्राध्यापकांना म्हणाले, "सर, त्यांना समजलं नाही."

ते रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, आपण जनतेच्या पातळीवर उतरायचं नसतं. जनतेला वर आणायचं असतं."

"सर, त्या बाईला कुऱ्हाड पाहिजे. तिला वर कुठे यायचं आहे?"

मूल गाव येईपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतरच्या अभ्यासवर्गात माझा विषय निघाला. आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसात सतरंजीवर दहा-बारा जण, त्यात बाई मी एकटी. कार्यकर्त्यांमध्ये सिद्धान्ताविषयी तुच्छता वाढते आहे, असं प्राध्यापक म्हणाले. नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडे पाहत होते. मग एकाने सुचवलं की मी आत्मटीका करावी. आत्मटीका म्हणजे उभं राहून आपली चूक आपणच सांगायची. चळवळीत तशी पद्धत होती, आणि मी पाहिलं होतं की ती करायची पाळी बहुतेक वेळा टायपिस्ट, ड्रायव्हर आणि सतरंज्या घालणाऱ्यांवरच यायची.

मी उभी राहिले.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "त्या बायांसमोर मी सरांसारखी बोलले. पुन्हा बोलणार नाही."

आणि खाली बसले. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कोपऱ्यात बसलेल्या खाणीतल्या भाऊंना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. तो खोकला होता की हसू, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना एवढंच विचारलं, "भाऊ, तुम्ही भाषण करायचं कुठे शिकलात?"

"मले कुठी येते भाषण?" ते म्हणाले. "खदानीत उतरलं का पयलं काम काय, तं छत ठोकून पाह्यचं. सळाखीनं ठोकाचं अन् कान देऊन ऐकाचं. पक्का आवाज आला तं पुढं जाचं. पोकळ आला तं तिथीच थांबाचं, नाई तं मेलेच समजा. लोकायचं बी तसंच हाय. ठोकाचं कमी, ऐकाचं जास्त. आपले प्रोफेसरसाहेब ठोकतच राह्यतात." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पुस्तकं वाच बरं. त्यायच्यावर राग धरून पुस्तकं सोडशील, तं नुकसान तुयंच."

पुढचे दोन रविवार मी एसटीने एकटीच त्या गावात गेले. पत्रकं नेली नाहीत. म्हातारीच्या ओसरीत बसले, मोहफुलं वाळवायला हात लावला आणि ऐकत राहिले. मला वाटलं होतं बाया अन्यायाबद्दल बोलतील. त्या कुऱ्हाडींबद्दल बोलत होत्या. कोणाची कशी होती, कोणत्या लोहाराकडून घडवून आणली होती, दांडा कोणत्या लाकडाचा होता. गाय हरवली की माणसं तिच्या शिंगांबद्दल, कपाळावरच्या टिळ्याबद्दल बोलतात, तसं.

मग मोर्चा निघाला. जंगलखात्याचं ऑफिस ज्या गावात होतं तिथे बाजाराचा दिवस धरला. सभेची परवानगी नाकारली गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा फौजदार शिपायांना घेऊन उभाच होता. त्याने पहिल्यांदा भोंगा आणि बॅटरी ताब्यात घेतली. वकीलसाहेब निवेदन घेऊन ऑफिसात गेले. प्राध्यापक कडुनिंबाच्या पारावर चढले आणि माइकशिवाय बोलू लागले.

हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. ते घाबरले नाहीत. शिपाई चार हातांवर होते, तरी आवाज कापला नाही. पण तो आवाज वर्गात घडलेला होता. भिंती असल्या की तो घुमायचा. इथे भिंती नव्हत्या. मिरच्यांचा लिलाव, कोंबड्या, बांगडीवाल्याची आरोळी, या सगळ्यात तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचत नव्हतं. फौजदार पुढे येऊन म्हणाला, "भाषण बंद करा." प्राध्यापक म्हणाले, "आम्ही या दडपशाहीचा निषेध नोंदवतो," आणि पारावरून उतरले. त्यांच्या दृष्टीने कार्यक्रम तिथे संपला होता.

बाया उन्हात बसलेल्याच होत्या. म्हातारीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"झालं काय? मंग आमी कायले आलो?"

मी पारावर चढले नाही. बायांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. फौजदार ओरडला, "ओ बाई, भाषण करायचं नाही!" मी त्याच्याकडे पाठ केली.

"तुमी इथी कायले आल्या वो?" मी विचारलं.

"कुराडीले!"

"नेल्या तवा कागद देला होता काय?"

"नाई!"

"मंग साहेबाले कसं समजन कोणती कुराड कोणाची? सांगा त्याले. एकेकीनं सांगा. घाई नाई आपल्याले."

आणि मी थांबले. ते थांबणं मला आजही आठवतं. पाच-सहा सेकंद कोणी बोललं नाही. वाटलं, आवाज पोकळ निघाला. मग म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ऑफिसच्या वऱ्हांड्याकडे तोंड करून, रानात गुरं हाकताना काढतात तसा आवाज काढून म्हणाली,

"माह्या कुराडीचा दांडा धावड्याचा हाय! पात्याची खालची कोर तुटली हाय! नवरा मेला तवापासून मीच धार लावतो तिले. माही कुराड आण!"

ती बसली की दुसरी उठली. तिच्या कुऱ्हाडीला तारेची तीन वेढ्यांची गुंडाळी होती. तिसरीची कुऱ्हाड बापाने लग्नात दिलेली होती. चौथी लाजत होती, तिला मी विचारलं, "तुयी लहान होती का मोठी?" मग तिचंही तोंड उघडलं. एकीने तर कुऱ्हाडीबरोबर नेलेल्या पाणी भरायच्या गुंडाचीही मागणी केली. ती आम्हाला कोणालाच माहीत नव्हती, आणि गुंड कशाला नेला याचं उत्तर जंगलखात्यापाशीही नसावं. बाजारातले लोक सौदा सोडून भोवती जमले. कोणी बाई सांगता सांगता अडली तर मी विचारायची, एक बसली की पुढचीला उठवायची. फौजदार दोनदा पुढे आला. पण तो अडवणार कोणाला? एक बसत होती, दुसरी उठत होती.

तिशीच्या आसपास बाया बोलून झाल्या असतील तेव्हा जंगलखात्याचा साहेब वऱ्हांड्यात आला. तो बराच वेळ उभा राहून ऐकत होता. मग आत वळून कोणाला तरी म्हणाला, "द्या रे बाबा यांच्या कुऱ्हाडी."

गोणपाटात बांधलेल्या कुऱ्हाडी वऱ्हांड्यात ओतल्या तेव्हा जो खणखणाट झाला, तसा टाळ्यांचा आवाज मी कोणत्याही सभेत ऐकला नाही. प्रत्येकीने आपापली उचलली, एकीचीही चूक झाली नाही. शेवटी दोन कमी भरल्या. म्हातारीची तिच्या हातात होती, तरी ती खाली बसली. "दोन भेटल्याशिवाय कोणी उठाचं नाई." वनरक्षकाच्या क्वार्टरमागे सरपण फोडलं जात होतं, त्या तिथे सापडल्या. एका शिपायाने त्या आणून दिल्या, खाली मान घालून. विळेही परत आले, गुंड मात्र मिळाला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात प्राध्यापकांचा लेख आमच्या पत्रिकेसाठी आला आणि टायपिंगला माझ्यापुढे आला. लेख चांगला होता. जंगलाच्या कायद्याचा इतिहास त्यांनी असा मांडला होता की मीही शिकले. पण मोर्चाबद्दल एक वाक्य होतं. माइक जप्त झाल्याने भाषणं होऊ शकली नाहीत, मात्र उपस्थित महिलांनी उत्स्फूर्तपणे आपल्या व्यथा मांडल्या.

मी मशीनवरून स्टेन्सिल काढली आणि वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे वाक्य मी टाइप करणार नाही."

त्यांनी वाचलं. "काय चुकलं यात? चांगलंच लिहिलंय."

"साहेब, भाषणं झाली. तीस झाली. मी दोन रविवार त्या गावात जाऊन बसले, ते उत्स्फूर्त नव्हतं. आणि बायांनी व्यथा मांडल्या नाहीत. त्यांनी आपल्या वस्तू मागितल्या आणि घेतल्या."

"एक वाक्य आहे गं."

"मग तुम्ही टाइप करा."

त्यांना टायपिंग येत नव्हतं. पत्रिका त्या वाक्याशिवाय निघाली. प्राध्यापक नंतर माझ्याशी वर्षभर फक्त नमस्कारापुरते बोलले. मला त्याचं वाईट वाटलं, पण वाक्य गाळल्याचं वाटलं नाही.

गंमत अशी की महिन्याभराने समन्स आलं, त्यात प्राध्यापकांचं नाव नव्हतं. परवानगी नसताना, मनाई केलेली असताना भाषण करून जमावाला चिथावलं, असा ठपका एकट्या माझ्यावर होता. आमच्या माणसांना जे भाषण वाटलं नाही, ते फौजदाराला बरोबर ओळखू आलं होतं.

वकीलसाहेबांनी बचाव तयार केला. "सोपं आहे," ते म्हणाले. "तू फक्त प्रश्न विचारलेस. प्रश्न विचारणं म्हणजे भाषण नव्हे. तुझ्याच बाजूने साक्षीदार आहेत. तेवढं म्हण, सुटशील."

आदल्या दिवसापर्यंत मी हो म्हणत होते. मावशीने रडून सांगितलं होतं, नोकरीचं बघ, लग्नाचं बघ. कोर्टात उभी राहिले, मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "भाषण केलं, हे कबूल आहे?" आणि मला दिसलं, नाही म्हटलं तर मी सुटेन, पण मग त्या दिवशी तिथे काहीच झालं नाही असं मीच सांगितल्यासारखं होईल.

"केलं," मी म्हणाले.

वकीलसाहेब अर्धे उठले. मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. "किती वेळ केलं?"

"बाया धरून दीडेक तास झाला असेल."

"विषय काय होता?"

"कुऱ्हाडी."

त्यांनी काही क्षण कागद पाहिले. मग मला कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा दिली. तशी शिक्षा असते हे मला तोवर टाइप करूनसुद्धा खरं वाटत नव्हतं. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तर दारातून एकेक करून त्या गावच्या आठ बाया आत आल्या, सकाळच्या एसटीने आलेल्या, आणि माझ्या बाजूला, पुढे, जमिनीवर, मिळेल तिथे बसल्या. पट्टेवाला धावत आला. "बाहेर बसा, बाहेर! शिक्षा या बाईला झाली आहे."

म्हातारी जागची हलली नाही.

"बोललो तं आमी बी होतो," ती म्हणाली. "मंग आमची शिक्षा कुठी हाय?"

पट्टेवाल्याने मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. मॅजिस्ट्रेट पुढचं प्रकरण वाचत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. आम्ही नऊजणी पाच वाजेपर्यंत तिथे बसलो. मध्ये एकीने पदरातले भाजलेले चणे वाटले. कोर्ट उठलं, खुर्च्या सरकल्या, तेव्हा म्हातारीने विचारलं, "झालं काय?" मी म्हणाले, "झालं." मग आम्ही एसटी स्टँडकडे निघालो, कारण त्यांची पोंभुर्ण्याची गाडी साडेपाचला होती.